एकलीचा फोटो

नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कळमनुरी तालुक्यात, केळीच्या बागा आणि उसाचे फड यांच्या मधोमध वसलेल्या आमच्या डोंगरकड्यात एखाद्या जुन्या माळवदाच्या घरी जाण्याचा योग आला, तर पाहुण्याने पाणी पिता पिता ओसरीच्या भिंतीकडे जरूर पाहावे. तुळईच्या हातभर खाली, सुतळीने बांधून पुढे झुकत्या टांगलेल्या तसबिरींची एक रांग तेथे असते. काचांच्या आत कसर शिरलेली असते आणि चौकटींच्या मागे चिमण्यांनी काड्या खोचलेल्या असतात. फेटा बांधलेले आजोबा त्या रांगेत एकटे असतात, पलटणीत गेलेला चुलता गणवेशात एकटा असतो, मास्तर झालेला थोरला मुलगा हाती पुस्तक धरून एकटा असतो. बायका मात्र घोळक्यात: लग्नाच्या समूहात, मांडीवरच्या पोराच्या आड, नवऱ्याच्या खुर्चीला हात लावून उभ्या. एकटी बाई दिसलीच, तर तिच्या तसबिरीला हार आहे काय, हे आधी पाहावे. बहुधा असतोच.

ही हारातली तसबीर कशी तयार होते, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. बाई जाते, आणि तेराव्याच्या आत पाटावर ठेवायला फोटो हवा, अशी निकड घराला लागते. मग ट्रंका उपसल्या जातात, आणि कोणा पुतण्याच्या लग्नातल्या समूहचित्रात, मागल्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआडून अर्धीमुर्धी दिसणारी तिची मुद्रा एकदाची सापडते. तो फोटो पिशवीत घालून घरातला कोणी तरणा मुलगा नांदेड गाठतो. आणि फोटोवाला त्या गर्दीतून तेवढाच चेहरा कातरून, मोठा करून, शेजारणीच्या खांद्याने खाल्लेला गाल पूर्वी कुंचल्याने आणि आता संगणकाने भरून काढून, अंगावर नवे कोरे लुगडे आणि पाठीमागे निळे आभाळ घालून देतो. त्याचा एक प्रश्न ठरलेला असतो: कुंकू ठेवायचे की काढायचे? आयुष्यभर जिला कोणी एकटे बसवून तिचे चित्र काढले नाही, तिचे पहिले स्वतंत्र चित्र अशा रीतीने सिद्ध होते, आणि त्या समारंभाला घरची सारी माणसे हजर असून केवळ ती एकटी गैरहजर असते.

छायाचित्रणाचा इतिहास सांगणारे ग्रंथ यंत्रांचा, रसायनांचा आणि यंत्र हाताळणाऱ्यांचा इतिहास सांगतात. तो महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. परंतु या ओसरीवर बसून विचार करू लागलो, म्हणजे मला त्याहून साधा, बाजारातला म्हणावा असा एक प्रश्न सतावतो: ही तसबीर कोणाच्या फर्माइशीने निघाली? चित्रात बसलेली एक आणि चित्र मागणारा दुसरा, हा व्यवहार स्त्रियांच्या बाबतीत शंभराहून अधिक वर्षे इतका अव्याहत चालला, की जेथे तो मोडला तेवढ्याच जागा निवडून काढल्या, तरी एक स्वतंत्र इतिहास होईल.

पॅरिसमध्ये १८३९ साली छबी उमटवण्याची दागेरची कृती जाहीर झाली, आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी ही आपली माणसे तिच्यात होती. हिंदुस्थानातल्या स्त्रिया या यंत्रापुढे प्रथम ज्या नात्याने आल्या, ते नाते मात्र फारसे अभिमानाचे नव्हे. विल्यम जॉन्सन या मुंबईच्या छायाचित्रकाराने १८६० नंतरच्या दशकात मुंबईच्या रहिवाशांचे दोन खंड काढले. त्यात स्टुडिओत उभ्या केलेल्या माणसांच्या आकृती कापून दुसऱ्याच देखाव्यांवर चिकटवल्या होत्या, आणि त्यांची ओळख जातीने दिली होती. आमचा नांदेडचा फोटोवाला कातरीची जी करामत करतो, तिचे घराणे इतके जुने आहे. पुढे १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड सरकारी आश्रयाने निघाले. त्यांतल्या बायका म्हणजे नमुने. ज्याप्रमाणे वनस्पतिशास्त्रज्ञ पान दाबून कागदावर चिकटवतो आणि खाली कुळाचे नाव लिहितो, त्याप्रमाणे बाई बसवली, जात लिहिली, प्रकरण दाखल दप्तर. दुसरीकडे १८७४ साली दरोगा अब्बास अली यांनी लखनौच्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांच्या चित्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले. नमुना म्हणून किंवा शोभा म्हणून, अशा दोनच वाटांनी बाई कागदावर येत होती. घरंदाज कुटुंबांनी आपल्या लेकीसुनांना या यंत्रापासून दूर ठेवले, त्यात फोटोने आयुष्य घटते या समजुतीचा वाटा जितका होता, त्याहून अधिक वाटा या संगतीच्या धास्तीचा असावा, असे मला वाटते.

या कोंडीतून पहिली वाट निघाली, ती आमच्याच राजवटीत. डोंगरकडा त्या वेळी निजामाच्या मुलखात, परभणी जिल्ह्यात होता. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, आणि आमच्या आजोबा-पणजोबांच्या दृष्टीने राजधानी म्हणजे हैदराबाद, मुंबई-पुणे ही परकी गावे. त्या हैदराबादेत सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारी लाला दीनदयाळ हे छायाचित्रकार होते. मेरठजवळच्या सरधन्यात १८४४ साली जन्मलेले, रुडकीच्या कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घेतलेले, इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागून तेथे कॅमेऱ्याच्या नादी लागलेले हे गृहस्थ पुढे सिकंदराबादेत स्थायिक झाले, आणि निजामाने त्यांना 'राजा मुसव्विर जंग बहादुर' हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. एखाद्या छबी काढणाऱ्याला जंग बहादुर करावे, ही त्या दरबाराची दिलदारी म्हणायची.

या दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत खास जनान्यासाठी एक वेगळा स्टुडिओ उघडला. उंच भिंतींचा आडोसा, पुरुषाला मज्जाव, आणि कारभार केनी-लेव्हिक नावाच्या एका इंग्रज बाईंच्या हाती. छबी घेण्यापासून ती धुऊन कागदावर उतरवण्यापर्यंत सारे काम बायकांनीच करायचे, असा तेथला शिरस्ता होता. खुद्द मालकाला आपल्याच दुकानात शिरण्याची बंदी, ही गोष्ट मला फार गोड वाटते. पडदा असलेला मेणा फाटकाशी येऊन थांबावा, आतली बाई उतरून भिंतीआड जावी, तेथे तिने पडदा दूर करावा, आणि समोर यंत्रामागे दुसरी बाई उभी असावी: हा प्रसंग आज डोळ्यांपुढे आणताना आपण सहज म्हणतो, की पडद्याची चाल संभाळण्यासाठी काढलेली ती एक युक्ती होती. ते खरेच आहे. आणि त्या तसबिरी अखेर मर्दान्यातल्या आल्बमांतच जाऊन बसत असणार, फर्माईश नबाबाची किंवा जहागीरदाराचीच असणार, हेही उघड आहे. तरीपण कोणता दागिना वर घ्यावा, मान किती वळवावी, हसावे की गंभीर राहावे, हे पुरुषाच्या नजरेवाचून ठरवण्याची ती घटका दोन घटका तिची होती, आणि अशी घटका देशातल्या फारच थोड्या बायकांच्या वाट्याला त्या काळी येत असे. आमच्या कुणब्याच्या बायकोला त्या भिंतीचा बाहेरचा गिलावाही दिसण्याची शक्यता नव्हती. मनमाडहून परभणी-नांदेडवरून हैदराबादेस जाणारी रेल्वे झाली तीच १९०० च्या सुमारास. आणि रेल्वे झाली, म्हणून तिच्यात बसायला तिकिटाचे पैसे झाले, असे नव्हते.

याच सुमारास, किंबहुना सात वर्षे आधी, एका मराठी बाईची जी तसबीर सातासमुद्रांपलीकडे निघाली, तिच्याजवळ क्षणभर थांबले पाहिजे. १० ऑक्टोबर १८८५ ही तिची तारीख. स्थळ फिलाडेल्फिया, स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय. तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी बसल्या आहेत: साडीत आनंदीबाई जोशी, किमोनोत जपानच्या केई ओकामी आणि शिरोभूषणासह आपल्या देशीच्या पोशाखात दमास्कसच्या साबात इस्लामबूली. बारकाईने पाहिले, तर बसवण्याची ही तऱ्हा 'द पीपल ऑफ इंडिया'च्या त्या आठ खंडांतलीच आहे. देश ओळखू यावा म्हणून देशाचा वेष. पण खाली जात नाही, नाव आहे, आणि नावाआधी डॉक्टर ही उपाधी आहे. नमुना म्हणून मांडलेल्या चौकटीत तीन व्यक्ती येऊन बसल्या आहेत. आनंदीबाईंचे वय तेव्हा वीस वर्षांचे. मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या निवर्तल्या. शाळेच्या पुस्तकांतून, भित्तिपत्रकांतून, जयंत्यांच्या फलकांवरून आनंदीबाईंचा जो एकटा चेहरा आपल्या परिचयाचा झाला आहे, त्याच्या पंगतीला मला नेहमी हे तिघींचे चित्र ठेवावेसे वाटते. कारण यात शेजारी नवरा नाही, मांडीवर मूल नाही, आणि ज्याच्या खुर्चीला हात लावून उभे राहावे असे कोणी नाही.

एवढ्या उंचीवरून आता आमच्या आत्याच्या फोटोवर यायचे, म्हणजे उतार मोठा आहे. पण गावच्या इतिहासाला तोच कागद अधिक जवळचा.

माझ्या आत्याचा फोटो नांदेडला निघाला, तो लग्न जुळवण्यासाठी. हैदराबाद संस्थान १९४८ साली संपले होते, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात येऊन पुढे १९६० साली महाराष्ट्र झाला होता, आणि मुलगी दाखवायला बैलगाडीतून नेण्याऐवजी आधी लिफाफ्यातून पाठवण्याची रीत आमच्याकडच्या बऱ्या स्थितीतल्या घरांत नुकती शिरली होती. स्टुडिओत एक रंगवलेला पडदा होता: संगमरवरी जिना, कारंजे आणि तळ्यात एक हंस. आत्याला एका उंच तिपाईशेजारी उभे केले, तिपाईवर कागदी फुलांचा गुच्छ. आणि फोटोवाल्याने खणातून एक मनगटी घड्याळ काढून तिच्या हातात बांधायला दिले. ते घड्याळ बंद होते. कोट, टाय, शाल, घड्याळ, पावडरचा डबा आणि दात तुटलेला कंगवा हा त्या काळच्या प्रत्येक स्टुडिओचा सरंजाम असे, आणि तालुक्याच्या अर्ध्या लोकांनी आयुष्यात एकदा तोच कोट चढवलेला असे. काळ्या कापडाखाली डोके घालून फोटोवाला म्हणाला, मान थोडी डावीकडे, हनुवटी खाली, हलू नका; आणि आजोबा पाठीमागून म्हणाले, पदर नीट घे. मग काचेवर, म्हणजे निगेटिव्हवर, शिसपेन्सिलीने टचिंग झाले. आत्या सावळी होती. फोटोत ती गव्हाळ झाली. दोन ठिकाणांहून तो फोटो परत आला, कारण स्थळ नापसंत झाले तर फोटो परत पाठवावा, अशी सभ्यतेची रीत होती. एकदा त्याच्या कडेला चहाचा डाग पडलेला होता. तिसऱ्या ठिकाणाहून तो परत आला नाही, म्हणून लग्न झाले.

आत्याजवळ त्या फोटोची प्रत कधीच नव्हती. पुढे सासरी, दिराच्या ट्रंकेत, शेतसाऱ्याच्या पावत्यांखाली तिला तो सापडला, तेव्हा तिला दोन मुले झाली होती. हा वृत्तांत ती सांगे तेव्हा आम्ही पोरे त्या उसन्या घड्याळावरून तिची थट्टा करीत असू, आणि तिचे उत्तर ठरलेले असे: "घड्याळ महं नवतं, पर मनगट तर महंच व्हतं!" 'एकलीचा फोटो' हा शब्दही तिचाच. लग्नाआधी एक आणि मेल्यावर एक, असे बाईचे दोनच एकलीचे फोटो, असे ती म्हणायची.

पण नांदेड-परभणीच्या पांढरपेशा घरांत याच काळात एक निराळी गोष्ट चालू होती, आणि तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सून काळी चंद्रकळा नेसे. तिळावर किंवा साबुदाण्यावर साखरेच्या पाकाचे काटे फुलवून केलेल्या हलव्याचे दागिने तिला घालत: बिंदी, तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा. डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरत, म्हणजे वेणीवर फुलांची अशी घट्ट जाळी बांधत, की केस दिसू नयेत. या दोन्ही शृंगारांचे दुखणे एकच: ते टिकत नाहीत. हलव्याला रात्रीतून मुंग्या लागतात आणि वाडी दुसऱ्या दिवशी कोमेजते. तेव्हा ज्यांनी रात्र रात्र जागून शेगडीवर हलवा फुलवला आणि सुया-दोऱ्यांनी शेवंती गुंफली, त्या सासवा, जावा, नणंदा त्या मुलीला त्याच सांजेला टांग्यात घालून स्टुडिओत नेत. वेणी पाठीमागे, मुद्रा पुढे. म्हणून फोटोवाला मुलीच्या पाठीशी आरसा तिरका लावून दोन्ही एकाच चौकटीत घेई. पुरुष या प्रसंगी पैसे देण्यापुरता आवश्यक. काही फोटोंत तो शेजारी खुर्चीवर बसलेला आढळतो, हलव्याचा हार गळ्यात घालून, अत्यंत अवघडलेला. येथे फर्माईश बायकांची आहे, कारागिरी बायकांची आहे आणि कौतुकही बायकांनी बाईचे केलेले आहे. कोणी सभा घेतली नाही, ठराव केला नाही; साखर विरघळते, एवढ्या कारणाने ही सत्ता अलगद हस्तांतरित झाली.

यंत्राच्या मागे उभी राहणारी बाई आपल्या प्रांताला मिळाली, तिची कथाही याच सूत्राची. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ साली नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला शाळेत. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी कॅमेरा हाती घेतला, आणि आपल्या वर्गमैत्रिणींची, विशेषतः रेहाना मोगल या मैत्रिणीची जी चित्रे काढली, त्यांतली मुंबईची तरुणी इतकी मोकळी, इतकी स्वतःच्या नादात आहे, की पडद्यावरच्या जिन्या-कारंज्याची तिला गरजच भासत नाही. हीच बाई पुढे देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखली गेली, आणि २०११ साली तिला पद्मविभूषण मिळाले. परंतु तिची आरंभीची चित्रे छापून येत, ती पती माणेकशा यांच्या नावावर. चित्र बाईचे, काढणारी बाई, आणि नाव पुरुषाचे. जहागीर कोणाची आणि सनद कोणाच्या नावे, हा घोळ आम्हा निजामी मुलखातल्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही.

खेड्यातल्या बाईपुढे कॅमेरा स्वतःहून चालत आला, तो सरकारी कामानिमित्त. मतदारांना छायाचित्रासह ओळखपत्र देण्याचे धोरण १९९३ साली आले, आणि शाळेच्या वऱ्हांड्यात पांढरे कापड लावून गावोगाव बायका रांगेने बसवल्या गेल्या. कित्येक म्हाताऱ्यांचा तो जन्मातला पहिला एकलीचा फोटो, बोटाच्या पेराएवढा. कपाळावरचा पदर जरा मागे घ्या, असे परक्या माणसाने म्हणावे आणि सासऱ्यादेखत तो मागे घ्यावा लागावा, हा प्रसंग त्या दिवशी घडला. आणि सासऱ्याला काही बोलता आले नाही, कारण हुकूम सरकारचा होता. मग बचत गट आले, बँकेची खाती आली, पासबुके आली, आधार आले. फर्माइशीचा मालक बदलला. बापाच्या जागी तहसील आली. एक फरक मात्र लक्षणीय पडला: पासपोर्ट आकाराच्या आठ प्रतींची पाकिटे बायकांच्या स्वतःच्या पिशव्यांत राहू लागली. आठातल्या दोन बँकेत लागत. उरलेल्या सहांचे काय करायचे, हे ज्याचे त्याला, किंवा जिचे तिला, ठरवायचे होते.

शहरांतून आता बायका वाढदिवसाला, पन्नाशीला, आजारातून उठल्यावर, घटस्फोटानंतरसुद्धा, रीतसर पैसे मोजून स्वतःची चित्रे काढवून घेतात, आणि त्यावर उथळपणाचा शेरा मारण्याची आपल्या विद्वानांत चढाओढ लागलेली असते. त्या शेऱ्यांत मला आजोबांचे 'पदर नीट घे' ऐकू येते. तेव्हा तो विषय येथे वाढवीत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एक काकू, केळीचा सौदा स्वतः करणाऱ्या, नवऱ्यामागे दोन्ही मुलींची लग्ने उरकलेल्या, एका सकाळी म्हणाल्या, नांदेडला जायचे आहे, पिशवी धरायला चल. त्यांनी ठेवणीतली इरकल नेसलेली होती. स्टुडिओत पडदा नव्हता, जिना नव्हता, हंसही नव्हता. करड्या रंगाची साधी भिंत, दोन मोठ्या छत्र्यांचे दिवे आणि विशीबाविशीची एक मुलगी कॅमेरा घेऊन.

"कशाला पायजे, काकू? बँकेला का आधारला?" तिने विचारले.

"बँकेला न्हाई अन् कशालाच न्हाई. महा एकलीचा काढ. मोठा."

मुलीने मग घाई केली नाही. दिवा सरकवला, काकूंच्या कपाळावरची बट मागे सारली, आणि आत्याला साठ वर्षांपूर्वी ऐकावे लागले तेच शब्द उच्चारले: मान थोडी डावीकडे. काकूंनी मान डावीकडे घेतली, जरा विचार केला आणि पुन्हा उजवीकडे घेतली. मुलगी म्हणाली, असेच राहू द्या. मी पाठीमागे पिशवी धरून उभा होतो. मला काही सुचवावेसे वाटले होते, ते मी गिळले. रंगाचे काय करायचे, थोडा उजळ करू का, असे मुलीने संगणकाच्या पडद्यावर चित्र दाखवीत विचारले, तेव्हा काकूंनी चष्मा लावून आपल्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. उन्हातली हाये मी."

चौकट व्हायला तीन तास लागले. तोवर आम्ही गुरुद्वाऱ्याकडे जाऊन आलो, लंगरात जेवलो. परतीच्या एस.टी.त गर्दी होती; काकूंनी ती हातभर उंचीची तसबीर खाली ठेवली नाही, मांडीवर उभी धरली, काच बाहेरच्या बाजूला. अर्धापूरच्या पुढे कंडक्टर आला. बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, हे सर्वांना ठाऊकच आहे. त्याने एकदा काकूंकडे पाहिले, एकदा तसबिरीकडे पाहिले, आणि यंत्रावर बोट ठेवून अगदी गंभीर चेहऱ्याने विचारले:

"काकू, डोंगरकडा दोन अर्धी का?"